देवाला आधीच ठाऊक असेल, तर सुवार्ता सांगायची कशाला? (पूर्वज्ञान, निवड आणि तारण)

पायवाट

तरुण संघाच्या बायबल अभ्यासात रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय चालू आहे. २९ आणि ३० ही वचनं माझ्या वाट्याला आली आहेत: देवानं ज्यांना आधी जाणलं त्यांना आगाऊ नेमलं, पाचारलं, नीतिमान ठरवलं, गौरवलं. दोन रविवार, प्रत्येकी एक तास, कॉलेजच्या वयाची वीसेक मुलंमुली. याच दोन वचनांवर गाडी अडते. अपेक्षित प्रश्न तीन:

१. कोण तारला जाणार हे देवाला आधीपासून ठाऊक आहे आणि देव चुकत नाही. म्हणजे सगळं ठरलेलंच आहे. मग ‘विश्वास ठेव’ या आज्ञेला अर्थ काय?

२. अमुक माणूस विश्वास ठेवणार हे दिसलं म्हणून देव त्याला निवडतो, की देवानं निवडलं म्हणून तो विश्वास ठेवतो?

३. यादी आधीच तयार असेल तर सुवार्ता आणि प्रार्थना कशासाठी?

‘देवाचे मार्ग अगम्य आहेत’ हे उत्तर खरं असलं तरी तासाच्या पहिल्याच मिनिटाला ते देता येत नाही. मुलं मेथडिस्ट घरांतली आहेत तशी जुन्या प्रेस्बिटेरियन घरांतलीही आहेत, आणि एक मैत्रीण कॅथलिक आहे. प्रारब्ध आणि सटवाई हे विषय निघणारच. नेमकं कसं मांडावं?

तर्ककर्कश

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ते वेगळे करा, नाहीतर तास त्यातच जाईल.

सोपा आधी. मुलांचा युक्तिवाद असा असतो:

(क) सुमन उद्या विश्वास ठेवील हे देवाला ठाऊक आहे.
(ख) देवाला ठाऊक असलेली गोष्ट घडतेच.
(ग) म्हणून सुमनला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळी गफलत (ख) मधल्या ‘च’ची आहे. ठाऊक असणं आणि घडणं यांची जोडी फुटत नाही, एवढंच (ख) सांगतं. घडणारी गोष्ट मुळातच अटळ होती असं ते सांगत नाही. अविवाहित माणसाला बायको नसतेच. पण म्हणून समोर बसलेल्या अविवाहित माणसाला लग्न करताच येणार नाही असं कुणी म्हणत नाही. ‘सुमन विश्वास ठेवील’ इतकंच (क) आणि (ख) मधून निघतं, ‘तिला ठेवावाच लागेल’ हे निघत नाही. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसनं इ.स. ५२४ च्या सुमारास तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात हाच भेद केला आहे. कुणी चालताना मला दिसत असेल तर तो चालत असणारच, पण माझ्या बघण्यानं त्याचे पाय हलत नाहीत.

बहुतेक प्रवचनं इथं थांबतात आणि प्रश्न सुटला म्हणून मोकळी होतात. तो सुटलेला नसतो. वर्गात एखादी हुशार मुलगी असली तर ती पुढचं विचारेल. त्याची आधुनिक काटेकोर मांडणी तत्त्वज्ञ नेल्सन पाइकनं १९६५ साली केली:

१. सुमन उद्या विश्वास ठेवील, अशी देवाची धारणा शंभर वर्षांपूर्वीही होती.
२. जे होऊन गेलं ते आता कुणाच्या हातात नाही.
३. देवाची धारणा चुकू शकत नाही.
४. म्हणजे सुमननं विश्वास ठेवला नाही, तर एकतर भूतकाळ बदलला पाहिजे किंवा देव चुकला पाहिजे. दोन्ही तिच्या हाताबाहेरचं आहे.

इथं ‘च’ची गफलत नाही. सुटायचं तर चारपैकी कशावर तरी घाव घालावा लागतो, आणि प्रत्येक घावाची किंमत मोजावी लागते.

बोएथियस आणि त्याच्यामागून मध्ययुगीन कॅथलिक पंडित थॉमस अक्वायनस पहिल्या पायरीवर घाव घालतात. देवाला ‘शंभर वर्षांपूर्वी’ हे क्रियाविशेषण लागूच नाही, त्याला सगळा काळ एकदम समोर आहे. अक्वायनसचा दाखला उंचावरून रस्ता पाहणाऱ्याचा आहे. आपल्याकडे दिवे घाटाच्या माथ्यावर उभं राहून पालखी पाहणारा डोळ्यांसमोर आणा. चालणाऱ्या वारकऱ्याला मागचे लोक दिसत नाहीत, माथ्यावरच्याला पहिली आणि शेवटची दिंडी एकाच नजरेत दिसते. अडचण अशी की भविष्यवाणी ही काळात उच्चारली जाते. कोंबडा दोनदा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, हे पेत्राला रात्री सांगितलं गेलं (मार्क १४:३०). ते वाक्य उच्चारून झालं, भूतकाळात जमा झालं. पहाट व्हायच्या आत तोच पेच परत आला.

मध्ययुगातलाच तत्त्वज्ञ ऑकम दुसऱ्या पायरीवर घाव घालतो. भूतकाळातली प्रत्येक गोष्ट सारखी पक्की नसते, असं त्याचं म्हणणं. ‘१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं’ हे पक्कं. ‘१ मे १९६० हा दिवस राज्याच्या शताब्दी सोहळ्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा होता’ हे वाक्य भूतकाळाबद्दलच वाटतं, पण ते खरं ठरणार की नाही हे २०६० साली सोहळा होतो का यावर अवलंबून आहे. देवाच्या भविष्यविषयक धारणा या दुसऱ्या जातीच्या आहेत, असा त्याचा दावा. मला तो पटतो, पण धारणा ही खरोखर मनात होऊन गेलेली गोष्ट असते, तिला असं अर्धवट भूतकाळी मानणं अनेकांना जड जातं.

तिसरी वाट मुक्त ईश्वरवाद्यांची, १९९४ पासून इव्हँजेलिकल वर्तुळात गाजलेली. मुक्त निवडी अजून अस्तित्वातच नाहीत, मग त्यांच्याबद्दल जाणण्यासारखं काही नाही आणि न जाणण्यात देवाचं उणंही नाही. पेच सुटतो, पण यशया ४६:१० (शेवट आरंभापासूनच सांगणारा देव) आणि वरचा पेत्र यांचं काय करायचं हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

चौथी वाट कॅल्विनवाद्यांची (धर्मसुधारक कॅल्विनची परंपरा, प्रेस्बिटेरियन त्यातलेच). चौथी पायरी मान्य करा, आणि तिच्यामुळं स्वातंत्र्य जातं हेच नाकारा. माणूस आपल्याला जे हवंय ते करतो, कुणी ढकलत नाही, एवढं स्वातंत्र्य जबाबदारीला पुरतं. त्यांच्यातल्याच जोनाथन एडवर्ड्सनं १७५४ साली वर टोला हाणला: निव्वळ पूर्वज्ञान मानलंत तरी भविष्य तितकंच निश्चित होतं जितकं पूर्वनियोजन मानल्यावर, मग पूर्वनियोजन टाळून तुम्ही मिळवलंत काय?

तासाला एवढं सगळं नको. ‘च’ची गफलत फळ्यावर दाखवा. पाइकचा मुद्दा कुणी विचारला तरच काढा, आणि काढलात तर ‘हा खरा पेच आहे’ असं मोकळेपणानं सांगा.

नवाकरार

वरचं सगळं ‘पूर्वज्ञान म्हणजे आगाऊ माहिती’ असं धरून चाललं आहे. रोमकरांस ८:२९ मध्ये पौलाला तेच म्हणायचे आहे का, हे आधी तपासायला हवे. मराठीत ‘पूर्वज्ञान’ म्हटले की ज्योतिष्याची आठवण होते, आणि अर्ध्या चर्चा तिथेच घसरतात.

आकडे हाताशी ठेवा. ‘प्रोगिनोस्को’ हे ग्रीक क्रियापद नव्या करारात पाच वेळा येते: प्रेषितांची कृत्ये २६:५, रोमकरांस ८:२९ व ११:२, १ पेत्र १:२०, २ पेत्र ३:१७. ‘प्रोग्नोसिस’ हे नाम दोनदा: कृत्ये २:२३ आणि १ पेत्र १:२. सात जागा. मुलांना सात चिठ्ठ्या वाटून वाचायला लावता येतील, दहा मिनिटांत होते.

सातपैकी दोन ठिकाणी जाणणारी माणसे आहेत (कृत्ये २६:५, २ पेत्र ३:१७). तिथे अर्थ साधा: आधीपासून माहीत असणे. उरलेल्या पाचांत जाणणारा देव आहे. त्यांतल्या तीन क्रियापदांचे कर्म पाहा. रोमकरांस ८:२९ मध्ये ‘ज्यांना’, ११:२ मध्ये ‘आपल्या लोकांना’, १ पेत्र १:२० मध्ये स्वतः ख्रिस्त. तिन्हीकडे माणसे आहेत, घटना नाहीत. अमुक जण अमुक करील हे देवाने जाणले, असे वाक्य तिथे नाही; ज्यांना जाणले, असे आहे. ख्रिस्ताला जगाच्या स्थापनेपूर्वी जाणले याचा अर्थ देवाने डोकावून पाहिले आणि त्याला ख्रिस्त दिसला, असा करता येणार नाही.

यामागे हिब्रू ‘यादा’ उभे आहे. आदामाने हव्वेला जाणले (उत्पत्ती ४:१). पृथ्वीवरच्या सर्व कुळांत मी फक्त तुम्हाला जाणले (आमोस ३:२). बाकीच्या कुळांची देवाला माहिती नव्हती असा आमोसाचा अर्थ नक्कीच नाही. यिर्मया १:५ तसेच. उलट टोकाला मत्तय ७:२३, ‘मी तुम्हाला कधी ओळखले नाही’. म्हणजे नाते जोडणे, आपले मानणे. मराठीत ‘तो आम्हाला ओळख देत नाही’ म्हणतो तेव्हा प्रश्न माहितीचा नसतो, तसे काहीसे.

आता दुसरी बाजू, कारण मेथडिस्ट घरातली मुले गप्प बसणार नाहीत आणि बसूही नयेत. ‘जाणणे’ म्हणजेच ‘निवडणे’ असेल, तर पौल लगेच ‘आगाऊ नेमले’ असे वेगळे क्रियापद कशाला वापरतो? हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असे दिले जाते की दुसरे क्रियापद मुक्काम सांगते: ‘आपल्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावे म्हणून’. पहिले कोण ते सांगते, दुसरे कशासाठी ते. शिवाय १ पेत्र १:२ मध्ये निवड ‘पूर्वज्ञानानुसार’ आहे. तिथे आर्मिनियन वाचन (देव विश्वास आधी पाहून निवडतो, मेथडिस्ट मानतात तसे) सहज बसते, निदान पहिल्या नजरेला.

साखळीतल्या कड्या पाच: जाणले, नेमले, पाचारले, नीतिमान ठरवले, गौरवले. विश्वास हा शब्द साखळीत नाही. तो पहिल्या कडीच्या आत बसवायचा (विश्वास पाहून जाणले) की तिसऱ्या आणि चौथ्या कडीच्या मध्ये (पाचारले, विश्वास ठेवला, नीतिमान ठरवले), यावरच चारशे वर्षांचा वाद आहे. फळ्यावर पाच चौकटी काढा आणि ‘विश्वास’ची चिठ्ठी मुलांनाच लावू द्या.

जुनीपोथी

दुसऱ्या प्रश्नावर. लोक ‘कॅल्विनवाले देवाला मानतात, आर्मिनियसवाले माणसाला’ असं सरधोपट सांगतात. ते साफ चूक आहे.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये १६०३ पासून प्राध्यापक असलेला आर्मिनियस माणूस आपल्या बळावर विश्वास ठेवू शकतो असं म्हणत नव्हता. माणसाची इच्छा पापानं मोडलेली आहे, कृपेनं आधी हात दिल्याशिवाय ती हलत नाही, हे त्यालाही मान्य होतं. वाद एवढाच की ती कृपा झिडकारता येते की नाही. १६०८ च्या निवेदनात त्यानं देवाचे चार ठराव क्रमानं दिले: ख्रिस्ताला तारणारा नेमणं, पश्चात्ताप करून विश्वास ठेवणाऱ्यांना स्वीकारणं, त्यासाठी लागणारी साधनं पुरवणं, आणि चौथा, अमुक व्यक्तींना तारणं. पूर्वज्ञान येतं ते या चौथ्या ठरावात. कृपेच्या मदतीनं कोण विश्वास ठेवील आणि टिकेल, हे जाणून. बारकावा महत्त्वाचा आहे. त्याच्या मांडणीत ख्रिस्त यादीच्या आधी येतो.

तो १६०९ साली वारला. १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं, त्यावर तिथल्या कॅल्विनवादी चर्चची डॉर्टची परिषद नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ बसली. तिनं स्पष्ट म्हटलं की निवड ही पूर्वदृष्ट विश्वासावर आधारलेली नाही, विश्वास हे निवडीचं फळ आहे (पहिला भाग, कलम ९). त्यामागचा युक्तिवाद मुलांना असा सांगा: विश्वास हीच देवाची देणगी असेल (इफिसकरांस २:८), तर देव पुढे बघून दुसरं काय पाहणार? स्वतःच देणार असलेलं. आर्मिनियन उत्तर असं: देणगी पुढे करणं देवाचं, पण हात मागे घेणं माणसाला शक्य आहे, आणि देव पाहतो ते हे.

जाता जाता, ट्यूलिप या इंग्रजी आद्याक्षरांनी पाच मुद्दे शिकवायची पद्धत विसाव्या शतकातली आहे. डॉर्टच्या कागदात निवड पहिली येते, माणसाची भ्रष्टता नव्हे, आणि तिसरा-चौथा मुद्दा एकत्र आहे. क्रम बदलला की सूर बदलतो. आणि परिषदेला राजकारणाचं अंग होतंच. आर्मिनियन पक्षाला पाठीशी घालणाऱ्या ओल्डनबार्नेफेल्ट या मुत्सद्द्याचा शिरच्छेद १३ मे १६१९ रोजी झाला. धर्मशास्त्राचे निकाल शांत खोलीत लागले असं कुणी समजू नये.

तुमच्या संघात दोन्ही घरांतली मुलं आहेत यात नवल नाही. मराठी मुलखात १८१३ साली आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्या परंपरेतल्या मंडळ्या आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट मंडळ्या एकाच छपराखाली आल्या. मेथडिस्टांचा संस्थापक वेस्लीनं १७३९ साली पूर्वनियोजनाविरुद्ध उपदेश छापला आणि कॅल्विनवादी सहकारी व्हाइटफील्डशी त्याचं बिनसलं, हा झगडा आता एकाच बाकावर शेजारी बसतो.

वसईकर

कॅथलिक मैत्रीण आहे म्हणून दोन गोष्टी, कारण आमच्याबद्दल हमखास चुकीचं सांगितलं जातं.

एक, ‘कॅथलिकांच्या मते देव पुढची पुण्यं बघून निवडतो’. अक्वायनसनं हे सरळ नाकारलं आहे (‘सुम्मा थिओलॉजिए’ हा त्याचा ग्रंथ, पहिला भाग, प्रश्न २३, कलम ५). पुण्य हे निवडीचं कारण नाही, फळ. पण कुणालाही नरकासाठी नेमलेलं नाही, हे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या १०३७ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे. ६००वा परिच्छेदही वाचून दाखवा: देवाला सगळे क्षण वर्तमान आहेत, आणि त्याच्या योजनेत प्रत्येकाचा मोकळा प्रतिसाद धरलेला आहे. आणि ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ साली म्हटलं की विशेष प्रकटीकरणाशिवाय ‘मी नक्की निवडलेल्यांत आहे’ असं कुणी छातीठोक म्हणू नये. इथं तुमच्या प्रेस्बिटेरियन मुलांशी खरा मतभेद आहे, तो लपवू नका.

दोन, मोलिना. त्याचं नाव कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. हा स्पॅनिश येशूसंघीय, ग्रंथ लिस्बनला १५८८ साली छापला. त्याचं म्हणणं, देवाच्या ज्ञानाचे तीन थर. काय काय शक्य आहे, हे पहिलं. प्रत्यक्ष काय घडणार, हे शेवटचं. या दोहोंच्या मध्ये तिसरं, ‘मध्यम ज्ञान’: अमुक माणसाला अमुक परिस्थितीत ठेवलं तर तो आपल्या मर्जीनं काय करील. हे जाणून मग देव जग घडवतो. यात देवाचा कारभार पूर्ण राहतो आणि माणसाची मर्जीही.

यासाठी १ शमुवेल २३ वाचायला घ्या, गोष्ट छोटी आणि चोख आहे. दावीद कईला गावात. तो देवाला विचारतो, शौल इथं येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन निघून जातो. शौल येतच नाही, गावकरी कुणाला देत नाहीत. मग देवानं जे सांगितलं ते काय होतं? जर-तरचं ज्ञान. मत्तय ११:२१ मधली सोर आणि सीदोन ही नगरं तशीच: तिथं ती कृत्यं झाली असती तर त्यांनी पश्चात्ताप केला असता.

बिघडतं कुठे? जे कधी घडलंच नाही ते ‘तसं घडलं असतं’ हे खरं ठरवतं कोण? माणूस अजून निर्माणही झालेला नाही, देवानं ठरवलं म्हणावं तर मर्जी गेली. डोमिनिकन बान्येझचा पक्ष याच खिंडीत मोलिनावाद्यांना गाठत राहिला. रोममध्ये अनेक वर्षं सुनावण्या झाल्या, आणि १६०७ साली पोप पाचव्या पौलानं निकाल न देताच काम आटोपलं: दोन्ही पक्षांनी आपापलं मत ठेवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये. निकाल आजही लागलेला नाही. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचं एका ओळीत: दमास्कसच्या योहानानं आठव्या शतकात म्हटलं, देव सर्व आधी जाणतो, पण सर्व आधी नेमत नाही. ते तिथंच उभे आहेत.

पायवाट

सगळ्यांचे आभार. माझा कच्चा आराखडा असा होता: फळ्यावर काळरेषा, एका टोकाला उत्पत्ती, दुसऱ्या टोकाला न्यायाचा दिवस, आणि देव वर. मग क्रिकेटच्या हायलाइट्सचा दाखला: निकाल आपल्याला माहीत असतो, पण आपल्या माहितीमुळे फलंदाज बाद होत नाही. चालेल?

प्रारब्धाचं काय सांगू?

तर्ककर्कश

हायलाइट्स नकोत. सामना खेळून झालेला असतो, म्हणून आपल्याला ठाऊक असतो. म्हणजे ज्ञान सामन्याकडून आपल्याकडे आलं. देव जगाकडून शिकतो, असं त्यातून नकळत शिकवलं जातं. अक्वायनसच्या मते क्रम उलटा आहे, देवाचं ज्ञान हे वस्तूंच्या असण्याचं कारण आहे (सुम्मा, पहिला भाग, प्रश्न १४, कलम ८). आर्मिनियन शिक्षकालासुद्धा प्रेक्षक-देव नको असतो, कारण प्रेक्षकाला प्रार्थना करून काय उपयोग? घाटमाथ्याच्या दाखल्यातही हा दोष थोडा आहेच, पण तिथं निदान सगळं चालू असतं.

काळरेषाही काढू नका. देवाला रेषेच्या वर काढलंत की मुलं विचारतात, ‘तो डावीकडून वाचतो का?’

नवाकरार

प्रारब्ध आणि निवड यांतला फरक दोन वाक्यांत होतो, लांबवू नये. प्रारब्ध हे आपल्याच संचितातले फळ द्यायला लागलेले कर्म, म्हणजे हिशेब माणसाच्या करणीचा. रोमकरांस ९:११ नेमके उलट म्हणते: मुले जन्मली नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, त्याआधी. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहिते ते आयुष्यातले प्रसंग. रोमकरांस ८:२९ मध्ये लिहिलेला आहे तो मुक्काम, पुत्रासारखे होणे. ‘नशीब’ हा शब्द मात्र तासात एकदाही वापरू नका. तो एकदा फळ्यावर आला की पुसला जात नाही.

नवव्या अध्यायापासून सुरुवात करू नका ही आणखी एक सूचना. याकोब आणि एसाव ही दोन व्यक्तींच्या तारणाची गोष्ट आहे की दोन राष्ट्रांच्या कामगिरीची (उत्पत्ती २५:२३ मध्ये ‘दोन राष्ट्रे’ म्हटले आहे), हा स्वतंत्र तासाचा विषय आहे.

जुनीपोथी

तिसरा प्रश्न कुणी धरला नाही, आणि तास त्यावरच उभा राहील.

‘ठरलंच आहे तर मी कशाला काही करू?’ याला ग्रीकांनी आळशी युक्तिवाद असं नाव दिलं होतं. बरं व्हायचं असेल तर वैद्य न बोलावता होशील, नसेल तर बोलावून उपयोग नाही, म्हणून वैद्य बोलावू नकोस. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं याचा समाचार घेतला आहे. चूक अशी की शेवट ठरलेला आणि वाट मोकाट, असं धरलं जातं. बरं होणं ठरलं असेल तर ते वैद्याकडूनच होणं ठरलेलं असू शकतं. देव मुक्काम नेमतो तशी साधनंही नेमतो. अक्वायनसनं प्रार्थनेबद्दल हेच म्हटलं आहे, कॅल्विनवालेही हेच म्हणतात, आणि आर्मिनियन मांडणीत साधनांसाठी एक अख्खा ठराव आहे.

तर्कापेक्षा गोष्ट लक्षात राहते. प्रेषितांची कृत्ये २७ घ्या. वादळात सापडलेलं जहाज. २२व्या वचनात पौल सांगतो, तारू जाईल, माणूस एकही दगावणार नाही. देवदूतानं तसं सांगितलं आहे. ३०व्या वचनात खलाशी होडी सोडून पळायला बघतात. ३१व्या वचनात तोच पौल शताधिपतीला म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात. मग पौल सगळ्यांना जेवायला लावतो. वचन आणि अट, नऊ ओळींच्या अंतरात, आणि पौलाला त्यात विसंगती वाटत नाही.

जोडीला कृत्ये १८:९-११. करिंथात प्रभू पौलाला सांगतो, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ‘मग मी निघतो’ असं पौल म्हणत नाही, तो दीड वर्ष राहून शिकवतो. यादी आहे हे कळल्यावर त्याचा मुक्काम लांबला.

वेळेची वाटणी मी अशी करीन. पहिला रविवार: सात चिठ्ठ्या १० मिनिटं, पाच चौकटी आणि ‘विश्वास’ची चिठ्ठी २० मिनिटं, ‘च’ची गफलत १५, उरलेला वेळ प्रश्नांना. दुसरा रविवार: कृत्ये २७ चं वाचन आणि चर्चा २५ मिनिटं, आर्मिनियस आणि डॉर्ट १५, कईला १०, उरलेला वेळ मोकळा. ज्यांनी कधी सुवार्ता ऐकलीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मध्ये येईलच. तो वहीत लिहून ठेवा आणि तिसरा रविवार मागून घ्या. तो मध्ये घेतलात की उरलेलं काहीही होत नाही.

आणि तास संपल्यावर कुणी एकटं येऊन ‘मी निवडलेल्यांत आहे का?’ असं विचारलं, तर तिथं युक्तिवाद काढू नका. तो प्रश्न वेगळ्या जातीचा असतो. लुथरन मंडळींनी १५७७ च्या कबुलीत बजावलं आहे की देवाच्या गुप्त संकल्पात डोकावू नये, सुवार्तेत प्रकट झालेल्या ख्रिस्ताकडे बघावं. कॅल्विनही ख्रिस्ताला निवडीचा आरसा म्हणतो. दोन भांडणारे पक्ष इथं एकाच जागी बोट ठेवतात. योहान ६:३७ (‘जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही’) वाचून दाखवा आणि शेजारी बसा.

पायवाट

काळरेषा आणि क्रिकेट दोन्ही काढलं. चिठ्ठ्या करायला घेतल्या आहेत. कृत्ये २७ मध्ये जहाजावर माणसं किती होती? आकडा दिला तर मुलं लक्ष देतात.

नवाकरार

२७:३७, दोनशे शहात्तर. कुणी दुसरा आकडा दाखवला तर दचकू नका. व्हॅटिकन हस्तलिखितात ‘सुमारे शहात्तर’ असे आहे. ४४व्या वचनात सगळे किनाऱ्याला लागतात, काही पोहत, काही फळ्यांवर.